चुन्याच्या थरांत नोंदवलेले शहर : फ्रान्समधील नीम

दक्षिण फ्रान्समध्ये गार्दों नदीवर ‘पाँ द्यु गार’ नावाचा तीन मजली रोमन पूल उभा आहे. त्याच्या माथ्यावरून पाणी वाहून नेणारी दगडी नहर जाते आणि तिच्या दोन्ही भिंतींना आतून करड्या-पिवळसर रंगाचा एक जाड थर चिकटलेला दिसतो. प्रथम पाहणाऱ्याला तो बांधकामाचाच भाग वाटतो. प्रत्यक्षात तो कोणा गवंड्याने लावलेला नाही, पाण्याने लावला आहे. बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या घरात गिझरच्या कॉइलवर आणि पातेल्याच्या बुडाशी जो पांढरा क्षार धरतो, तोच हा पदार्थ, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. घरातला क्षार आपण व्हिनेगरने काढून टाकतो. या नहरेत तो शतकानुशतके साचत गेला आणि काही ठिकाणी जवळजवळ अर्धा मीटर जाड झाला. ज्या शहरासाठी हे पाणी वाहत होते, त्या नीम शहराच्या वैभवाची आणि पडझडीची सर्वांत प्रामाणिक नोंद याच थरांत सापडते, असे मला वाटते.

नीम रोमनांनी वसवलेले नाही. तेथील टेकडीच्या पायथ्याशी एक मोठा झरा आहे. रोमन येण्याआधीपासून व्होल्के आरेकोमिकी या केल्टिक जमातीची वस्ती त्याच्याभोवती होती आणि झऱ्याच्या देवतेला नेमौसुस म्हणत. शहराचे लॅटिन नाव तेच आणि आजचे फ्रेंच नावही त्याच्यातूनच झिजत आलेले. इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस रोमनांनी इटलीला स्पेनशी जोडणारा ‘विया दोमितिया’ हा रस्ता या वस्तीतून नेला. पुढे सम्राट ऑगस्टसच्या काळात शहराला सुमारे ६ किलोमीटर लांबीचा तट मिळाला, ज्याच्या आत २२० हेक्टरांच्या आसपास जमीन येत होती. त्या काळच्या नीमच्या तांब्याच्या नाण्यांवर एका बाजूला ऑगस्टस आणि त्याचा सेनापती अग्रिप्पा यांचे चेहरे आहेत, तर दुसऱ्या बाजूला ताडाच्या झाडाला साखळीने बांधलेली मगर आहे. ही मगर म्हणजे जिंकलेला इजिप्त. सोळाव्या शतकात हे चित्र शहराच्या अधिकृत चिन्हात आले आणि आजही नीमच्या रस्त्यांवर पायाखाली पितळी खुणांमध्ये ते दिसते.

झरा असलेल्या शहराला दुरून पाणी आणण्याची गरज का पडली, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर भूगर्भात आहे. नीमच्या परिसरातील डोंगर चुनखडीचे आहेत. चुनखडीत पाणी मातीतल्यासारखे सावकाश झिरपत नाही. भेगा आणि पोकळ्यांतून ते झपाट्याने वाहून जाते. म्हणून असा झरा मोठ्या पावसानंतर एकाएकी उसळतो आणि लांबलेल्या उन्हाळ्यात बारीक धारेवर येतो. शिवाय तो शहराच्या सखल भागात असल्याने उंचावरच्या घरांना आणि कारंज्यांना त्याचा उपयोग नव्हता. स्नानगृहे आणि कारंजी हे रोमन शहराच्या प्रतिष्ठेचे लक्षण होते, आणि ती बारा महिने चालवायची तर बेभरवशाचा झरा पुरेसा नव्हता.

पाणी सापडले ते उझेस गावाजवळच्या एर नावाच्या झऱ्यात, सरळ रेषेत साधारण २० किलोमीटरवर. मध्ये डोंगर असल्याने वळसे घेत नेलेली नहर मात्र सुमारे ५० किलोमीटर लांबीची झाली. या संपूर्ण अंतरात उगमापासून शहरापर्यंतचा एकूण उतार अवघा १२.६ मीटर आहे, म्हणजे साधारण चार मजली इमारतीच्या उंचीइतका. किलोमीटरमागे सरासरी २५ सेंटिमीटर. पंप नव्हता, काचेची दुर्बीण नव्हती. पाण्याला पुढे ढकलणारी एकमेव शक्ती म्हणजे गुरुत्वाकर्षण. मोजणी करणाऱ्यांकडे वीस फुटी लाकडी बाक होता, ज्याला ओळंबे लावलेले असत आणि वारा असेल तर वरच्या खाचेत पाणी भरून तो समतल आहे की नाही हे पाहिले जाई. आपल्या गवंड्याच्या पाणसळीचाच हा लांबलचक पूर्वज. त्याच्या मदतीने ५० किलोमीटरांत १२ मीटर उतार वाटून द्यायचा, आणि एखाद्या टप्प्यात चूक झाली तर पाणी तिथेच तुंबणार. रोमन स्थापत्याचे कौतुक करताना लोक कमानींकडे पाहतात. माझ्या मते खरे आश्चर्य या मोजणीचे आहे.

तो उतारही त्यांनी सर्वत्र सारखा ठेवला नाही. गार्दोंच्या दरीवर पूल बांधायचा होता आणि पुलाची उंची जितकी वाढेल तितका खर्च आणि धोका वाढणार होता. म्हणून पुलाच्या अलीकडे नहरेला जास्त उतार दिला आणि पाणी लवकर खाली आणले, त्यामुळे पूल काही मीटर बुटका ठेवता आला. त्याची किंमत पुढच्या टप्प्यांत मोजावी लागली. तिथे उतार फारच थोडा उरला, काही ठिकाणी तर किलोमीटरला जेमतेम ७ सेंटिमीटर. पाणी सुरू झाल्यावर पुलावरची नहर काठोकाठ भरून वाहू लागली असावी, कारण तिच्या भिंती नंतर वाढवून उंच केल्याच्या खुणा दगडात स्पष्ट दिसतात. पन्नास किलोमीटरांची योजना पहिल्याच फटक्यात निर्दोष उतरली नव्हती आणि बांधणाऱ्यांनी ती चूक ओळखून निस्तरली, हे त्या चार-दोन थरांच्या वाढीव दगडांवरून कळते.

पूल जवळजवळ ४९ मीटर उंच आहे. खाली ६ कमानी, मध्ये ११, आणि सर्वांत वर छोट्या कमानींची रांग. नदीवरच्या सर्वांत मोठ्या कमानीचा गाळा साधारण २४.५ मीटरांचा आहे. जवळच्याच व्हेर गावच्या खाणीतला पिवळसर चुनखडीचा दगड त्यासाठी वापरला. खालच्या दोन मजल्यांत दगड एकमेकांवर कोरडेच बसवले आहेत, दरजांत चुना नाही. काही दगडांचे वजन ६ टनांपर्यंत जाते. कोणता दगड कुठे बसवायचा याच्या पाथरवटांच्या खुणा त्यांवर अजून वाचता येतात. चुना वापरला तो पाण्याच्या संपर्कात येणाऱ्या भागात. नहरेला आतून चुना आणि विटांचा चुरा यांचा गिलावा दिला होता. आपल्याकडे जुन्या बांधकामांत सुरखी म्हणून जो विटांचा चुरा चुन्यात मिसळत, तेच हे तंत्र. भाजलेल्या मातीतील सिलिकाची चुन्याशी रासायनिक प्रक्रिया होते आणि गिलावा पाण्यातही घट्ट राहतो.

हे काम इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास झाले, असे आता मानले जाते. पूर्ण क्षमतेने चालत असताना दिवसाला अंदाजे ३५ ते ४० हजार घनमीटर, म्हणजे चार कोटी लिटरांच्या आसपास पाणी शहरात येत असे आणि उगमापासून शहरापर्यंत पोहोचायला त्याला एका दिवसाहून थोडा अधिक वेळ लागत असे. शहराची लोकसंख्या ५० हजारांच्या आसपास धरली तर माणशी ८०० लिटर पडतात. अर्थात ते घरोघरी जात नव्हते. बहुतेक पाणी स्नानगृहे आणि कारंजी यांच्याकडे वळे. वाटणीची जागा १८४४ मध्ये सापडली. साडेपाच मीटर व्यासाचा, उथळ, गोल हौद, त्याच्या भिंतीत शिशाच्या नळांसाठी दहा मोठी भोके आणि तळाशी आणखी तीन. हा हौद आजही नीममध्ये उघड्यावर पाहता येतो, आणि त्याच्या काठाशी उभे राहिले की शहराचा नळपुरवठा म्हणजे काय याची स्पष्ट कल्पना येते.

आता पुन्हा त्या क्षाराकडे. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना मुळांनी आणि सूक्ष्मजीवांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड सोबत घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी चुनखडीला विरघळवते आणि कॅल्शियम बायकार्बोनेट पोटात घेऊन झऱ्यातून बाहेर पडते. शालेय पुस्तकात ज्याला दुष्फेन पाणी म्हणतात ते हेच. भूगर्भातून नहरेत आल्यावर त्यातला कार्बन डायऑक्साइड हळूहळू हवेत निघून जातो, पाण्याची चुना धरून ठेवण्याची शक्ती कमी होते आणि कॅल्शियम कार्बोनेट भिंतींवर स्फटिकरूपाने बसू लागते. गुहांतील लवणस्तंभ याच प्रक्रियेने वाढतात. ऋतू बदलला की पाण्याचे तापमान, प्रवाह आणि त्यातला गाळ बदलतो, म्हणून फिकट आणि गडद पट्टे आलटूनपालटून तयार होतात. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखेच हे पट्टे मोजता येतात. अर्धा मीटर थर दोन-तीन शतकांत साचला असे धरले तर ढोबळ हिशेबाने वर्षाला सुमारे दोन मिलिमीटरांची भर पडली.

नीमच्या नहरेतील थराचा आडवा छेद पाहिला तर आतला, म्हणजे भिंतीलगतचा जुना भाग फिकट, घट्ट आणि स्वच्छ आहे. याचा अर्थ पाणी निर्मळ होते, नहरेवरची झाकणे शाबूत होती, आत मुळे शिरत नव्हती आणि कोणीतरी नियमित आत उतरून साफसफाई करत होते. नहर माणसाला आत चालता येईल एवढी उंच ठेवण्याचे कारण तेच. बाहेरच्या बाजूला, म्हणजे नंतरच्या काळात, थर मातकट आणि सच्छिद्र होत जातो. त्यात चिकणमाती आणि मुळांच्या खुणा दिसू लागतात. साधारण चौथ्या शतकापासून देखभाल ढिली पडत गेली, रुंदी दोन्ही बाजूंनी आवळत गेली, आणि पुढच्या दोनेक शतकांत पाणी शहरापर्यंत पोहोचणे थांबले. त्या काळच्या कोणत्याही इतिहासकाराने हे लिहून ठेवलेले नाही. साम्राज्य खिळखिळे होते तेव्हा आधी लढाया हरल्या जातात असे आपण वाचतो. इथे मात्र नहर साफ करणारा माणूस आधी यायचा थांबलेला दिसतो.

या क्षाराची नोंद किती बारीक असू शकते याचे आणखी एक उदाहरण जवळच्याच आर्ल शहराबाहेर, बार्बेगाल येथे मिळते. तिथे उतारावर दुसऱ्या शतकातील १६ रोमन पाणचक्क्या होत्या. त्यांची लाकडी चाके आणि पन्हळी केव्हाच कुजून गेल्या. पण लाकडावर धरलेली क्षाराची पापुद्रे उरली आणि त्यांच्या मागच्या बाजूला लाकडाच्या रेषांचे ठसे आहेत. त्या थरांचा अभ्यास करून संशोधकांनी दाखवले की या चक्क्या वर्षातून काही महिने बंद राहत. लाकूड नष्ट झाले, तरी त्याचा कामाचा हजेरीपट शिल्लक राहिला.

नीममध्ये माणसाच्या चिकाटीनेही अशीच एक हरवलेली नोंद परत मिळवली. शहराच्या मध्यभागी ‘मेझों कारे’ हे रोमन मंदिर उभे आहे, इतके अखंड की सप्टेंबर २०२३ मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्याच्या दर्शनी भागावर एकेकाळी ब्राँझची अक्षरे होती. ती मध्ययुगातच निघून गेली आणि उरली ती फक्त अक्षरे बसवण्यासाठी पाडलेली भोके. १७५८ मध्ये नीमचे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वाचे जाणकार झाँ-फ्राँस्वा सेगिए यांनी या भोकांची मांडणी नेमकी टिपून घेतली आणि कोणत्या अक्षराला कुठे टेकू लागतील याचा विचार करत मजकूर लावला. त्यांच्या वाचनानुसार हे मंदिर ऑगस्टसचे नातू आणि दत्तक पुत्र गायस व लुसियस यांना अर्पण केलेले होते. हे दोघेही तरुणपणीच वारले, त्यामुळे मंदिराचा काळ पहिल्या शतकाच्या अगदी सुरुवातीला जातो. याच भोकांत दुसरी अक्षरेही बसू शकतात, अशी शंका अलीकडे काही अभ्यासकांनी घेतली आहे; बहुतेकांना अजून सेगिए यांचेच वाचन पटते.

पाणी आटल्यावरही शहर संपले नाही, पण आकसले. १३३ मीटर लांब आणि १०१ मीटर रुंद असे रोमन रंगमंडल, जिथे २४ हजार प्रेक्षक बसत, त्याचा रोमनांनंतर आलेल्या व्हिसिगॉथ या जर्मानिक लोकांच्या राजवटीत किल्ला झाला. पुढे त्याच्या पोटात घरे आणि चर्च उभी राहिली आणि लोक तिथेच राहू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती वस्ती हलवली गेली. आठव्या शतकात काही दशके नीमवर स्पेनहून आलेल्या मुस्लिम सत्तेचा अंमल होता. ७३७ मध्ये उत्तरेकडच्या फ्रँक लोकांचा सत्ताधीश शार्ल मार्तेल याने शहराची नासधूस केली आणि ७५२ मध्ये ते फ्रँकांच्या हाती गेले. या दशकांबद्दल लेखी माहिती अत्यल्प होती. नंतर जुन्या रोमन तटाच्या आतील जागेत तीन कबरी सापडल्या, ज्यांतील प्रेते उजव्या कुशीवर, मक्केच्या दिशेला तोंड करून ठेवलेली होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किरणोत्सारी कार्बनवरून त्यांचा काळ सातवे ते नववे शतक ठरला आणि डीएनएवरून तिन्ही पुरुषांचा पितृवंश उत्तर आफ्रिकेकडचा असल्याचे दिसले. फ्रान्समध्ये आढळलेल्या या सर्वांत जुन्या मुस्लिम कबरी आहेत.

पुढील काळात नीम कापडासाठी ओळखले गेले. ‘डेनिम’ हा शब्द ‘नीमचे’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून आला असे सर्वसाधारणपणे मानतात; त्याचा भाऊबंद शोभणारा, जाड सुती कापडासाठीचा ‘डंगरी’ हा शब्द मुंबईच्या डोंगरीवरून इंग्रजीत गेला. कापडाच्या धंद्याला पाणी लागते आणि अठराव्या शतकात शहराला पुन्हा तोच जुना झरा अपुरा पडू लागला. तो मोकळा करण्यासाठी १७३८च्या सुमारास खोदकाम सुरू झाले आणि त्याच्याभोवतीचे रोमन अवशेष वर आले. त्याच सुमारास, १७४३ ते १७४७ या काळात, पाँ द्यु गारला खेटून रस्त्याचा पूल बांधला तो आँरी पितो या अभियंत्याने. वाहत्या पाण्याचा वेग मोजण्यासाठी त्यांनी १७३२ मध्ये शोधलेली नळी आज विमानाचा वेग मोजण्यासाठी वापरतात.

नहर बंद पडल्यानंतर आसपासच्या गावांनी तिचे दगड नेले, आणि दगडांबरोबर क्षाराचे थरही नेले. हा थर फळीसारखा सपाट निघतो, टणक असतो आणि कापायला सोपा. म्हणून त्या भागातील मध्ययुगीन चर्चच्या भिंतींत साध्या चुनखडीच्या मधोमध मधूनच एखादा बारीक पट्ट्यांचा दगड दिसतो. एर झऱ्याचे पाणी ज्या वर्षांत नीमच्या कारंज्यांतून उडत होते, त्या वर्षांचे फिकट आणि गडद पट्टे त्या भिंतीत बोटाने मोजता येतात.