रामकुंडावरच्या नामावळ्या आणि कोतवाल बुक: पार्श्वभूमी

मराठा अर्जदारांना कुणबी म्हणून इतर मागासवर्गाचा जातीचा दाखला देण्यासाठी 2023 मध्ये जुन्या कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला आणि नाशिककरांना दोन जुने दप्तर नव्याने आठवले. एक सरकारी, कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही. दुसरे खासगी, पंचवटीतल्या तीर्थोपाध्यांच्या नामावळ्या, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांची नावे टिपलेल्या वह्या. दोन्ही हाताने लिहिलेले, जुना भाग दोन्हींत मोडी लिपीत. तेव्हापासून दोन्हींना एकाच मापाने मोजले जाते, आणि घोळ तिथेच होतो.

नामावळीची प्रथा इंग्रजांच्या आधीची आहे. 1860 च्या दशकात रेल्वे आली, यात्रेकरू वाढले, तशा वह्याही जाड झाल्या. यजमानाने, म्हणजे आलेल्या यात्रेकरूने, कुलनाव, मूळ गाव, आजा-पणजा, भाऊ, मुले असे सगळे शक्यतो स्वतःच्या अक्षरात लिहायचे. लिहिता येत नसेल तर उपाध्ये लिहीत, खाली निशाणी किंवा अंगठा. नवे जोडपे दर्शनाला आले की सुनेचे सासरचे नाव चढे, माहेर क्वचितच. लेक मात्र लग्नानंतर बापाच्या पानावरून जवळजवळ नाहीशी होते, आणि ही या वह्यांची मोठी उणीव आहे. मृत्यू कळतो तो अस्थी घेऊन आलेल्या मुलाच्या नोंदीवरून. शके 1819 असे लिहिलेले दिसले तर ते 1897-98 साल, प्लेगच्या दिवसांतले.

कोतवाल बुकाचे नेमके उलटे. तिथे तारीख पक्की, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी हेही असते. पण बाळाचे नाव बहुधा नसते, कारण नोंद व्हायची तेव्हा बारसे झालेले नसे. मग 1890 च्या दशकात जन्मलेला तो ‘मुलगा’ म्हणजे आपलेच पणजोबा, हे ठरवायचे कशावरून? एकाच बापाला चार मुलगे असले तर कागद तिथेच अडतो. त्यात जातीच्या रकान्यात कुठे ‘कुणबी’, कुठे ‘कुळंबी’, कुठे नुसते ‘कु.’ असे टिपलेले, आणि त्या एका अक्षरावर अर्ज अडलेले.

इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, हे अर्जदारांना पाठ आहे. पण नामावळी पुढे केली की ‘खासगी कागद’ म्हणून ती बाजूला सारण्याकडे कल दिसतो. हे पटण्यासारखे नाही. 1872 च्या पुरावा कायद्याचे कलम 32 पाहा: वाद उभा राहण्यापूर्वी, नात्याची खास माहिती असलेल्या आणि आज हयात नसलेल्या माणसाने नात्याविषयी केलेले विधान ग्राह्य धरता येते. कलम 90 प्रमाणे तीस वर्षांहून जुना, योग्य ताब्यातून आलेला दस्त अस्सल मानता येतो. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा लागू झाला, तरी ही तत्त्वे त्यातही आहेत. पणजोबांनी रामकुंडावर बसून आपल्या भावांची नावे लिहिली तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे कोणताही दाखला नव्हता. वंशावळीसाठी यापेक्षा निखळ साक्ष मिळणे अवघड आहे.

जातीसाठी मात्र एकट्या नामावळीवर भिस्त ठेवू नये. पुष्कळ पानांवर जात लिहिलेलीच नसते, आणि ओळींच्या मधल्या जागेत नंतर घातलेला शब्द शाईवरून ओळखू येतो. नाते नामावळीतून, जात आणि तारीख कोतवाल बुकातून, अशी जोडणी केली तर दोन्ही कागद एकमेकांची उणीव भरून काढतात.

1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंतर सरकारी नोंदणीची घडी बदलली. नामावळ्या अजून चालू आहेत, देवनागरीत आणि बॉलपेनने. जुन्या वह्या आजही उपाध्यांच्या घरीच असतात. 2016 आणि 2019 च्या पुरात रामकुंडाच्या परिसरात पाणी शिरले होते. त्यामुळे मूळ पाने उपाध्यांच्याच ताब्यात ठेवून त्यांच्या संमतीने स्कॅनिंग करणे, आणि त्यासाठी मोडी वाचणारी माणसे पगारावर नेमणे, हे काम पुढच्या पावसाळ्याआधी हाती घेतले पाहिजे.