विजेचा सॉकेट : ढिलेपणा आणि धोके

भिंतीतील वायरिंगमधून येणारी वीज उपकरणाला देणारा, प्लग बसवण्याचा भाग म्हणजे सॉकेट. आतल्या पितळी पट्ट्या स्प्रिंगसारख्या दाबाने प्लगच्या पिना धरून ठेवतात. सॉकेटच्या बहुतेक तक्रारी या पकडीपाशीच येऊन थांबतात.

प्लग तिरका होऊन गळतो, चार्जर हलवल्यावरच चालू होतो, इस्त्री मध्येच बंद पडते. मग कोणी प्लगखाली कागदाची घडी सारतो, कोणी पिना फाकवून बसवतो. घरोघरी ही निव्वळ गैरसोय समजली जाते आणि इथेच मोठी चूक होते. पकड सुटली की पिन पट्टीला जेमतेम टेकते आणि तिथला रोध वाढतो. 10 अँपिअर प्रवाह चालू असताना त्या सांध्यात अर्धा ओहम रोध आला, तरी 50 वॉट उष्णता तयार होते. एका सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता, तीही प्लास्टिकच्या डबीत! तापलेल्या पट्टीचा ताण आणखी जातो, पितळ काळवंडते, रोध पुन्हा वाढतो. जास्त प्रवाह झाल्यास वीज तोडणारा स्विच, म्हणजे एमसीबी, मात्र पडत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. माणसाला शॉकपासून वाचवणारे 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी हे सुरक्षा-स्विचही फक्त विजेची गळती ओळखते, ढिला सांधा नाही. म्हणून खुणा आपणच ओळखायच्या: छिद्राभोवतीचे तपकिरी वलय, चरचर आवाज, हाताला गरम लागणारा प्लग, जळक्या प्लास्टिकचा किंवा मासळीसारखा वास. चार्जर लावताना क्षणभर उडणारी बारीक ठिणगी वेगळी. ती बहुधा आतला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) भरताना उडते.

सॉकेटच्या मागे वायरचा स्क्रू सैल असला तरी हेच घडते. एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर हीटर आणि इस्त्री लावल्यास सगळा भार त्याच्या एका वायरवर पडतो.

अर्थिंगची पिन अनेक प्रकारच्या प्लगांत लांब ठेवतात. ती आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते. काही सॉकेटमध्ये तीच आतले शटर, म्हणजे बाकीची छिद्रे झाकणारा पडदा, उघडते. ब्रिटनच्या 1947 सालच्या बीएस 1363 या प्लग-सॉकेटच्या मानकातही अशी शटरे होती. मुलांनी छिद्रात काही खुपसू नये यासाठी ती असतात. पेनाने शटर दाबून दोन पिनांचा प्लग घुसवला की ही राखण संपते.

ढिला सॉकेट दुरुस्त करत बसू नये, बदलावा. मेन स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करूनच, आणि जमत नसेल तर वायरमनकडून. काळवंडलेल्या पिनांचा प्लगही सोबतच बदलावा. तो नवीन सॉकेटमध्येही तसाच तापतो आणि त्याच्या पट्ट्या खराब करतो.