शिळा पाव सुकलेला नसतो

फ्रेंच टोस्टला शिळा पाव हवा, हे बहुतेकांना माहीत असतं. का, असं विचारलं तर ‘सुकलेला पाव दूध जास्त पितो’ हे उत्तर मिळतं. ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं मला जास्त मोलाचं वाटतं.

1852 साली झां-बातिस्त बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पाव हवाबंद ठेवून पाहिला. ओल बाहेर जायला वाटच नव्हती, तरी पाव शिळा झाला. तोच पाव साधारण 60 अंश सेल्सिअसपर्यंत गरम केला, तर पुन्हा मऊ पडला. म्हणजे शिळेपणा हा काही नुसत्या सुकण्याचा परिणाम नाही.

खरा बदल होतो तो पिठातल्या स्टार्चमध्ये. भट्टीत स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, त्यांची घट्ट रचना मोडते. पाव निवला की स्टार्चच्या साखळ्या हळूहळू पुन्हा एकमेकींना चिकटतात आणि त्यांचे स्फटिक बनतात. काही साखळ्या पहिल्या काही तासांतच जुळतात, फांद्या असलेल्या साखळ्यांना मात्र दिवस लागतात. फोडणीच्या भाताला आपण कालचा भात घेतो तो याच कारणाने. ताज्या भाताचा गिचका होतो, शिळ्याची शितं सुटी राहतात. फ्रिजच्या थंडीत हे स्फटिक अधिक वेगाने बनतात, म्हणून रोज खायचा पाव फ्रिजमध्ये ठेवू नये. टोस्टसाठी राखलेला खुशाल ठेवावा.

फ्रेंच लोक या पदार्थाला ‘पँ पेर्द्यू’ म्हणतात, म्हणजे वाया गेलेला पाव. पण आपल्या कामाला तोच येतो. त्याच्या छिद्रांच्या भिंती कडक झालेल्या असतात, त्यामुळे दूध आत शिरलं तरी त्या ढासळत नाहीत. बाजारातल्या स्लाइस ब्रेडमध्ये मऊपणा टिकवणारे घटक घातलेले असतात, त्यामुळे तो दोन दिवसांनीही लुसलुशीतच लागतो आणि दुधात बुडवला की लगदा होतो. त्याच्या स्लाइस रात्रभर जाळीवर उघड्या ठेवाव्यात. शक्यतो न कापलेला ब्रेड आणून बोटभर जाडीच्या स्लाइस घरीच कापाव्यात.

चार स्लाइसना दोन अंडी, 200 मिली दूध, चमचाभर साखर आणि चिमूटभर मीठ पुरतं. अंडं चांगलं फेटावं. पांढऱ्याचे धागे राहिले तर ते पावात शिरत नाहीत, वरच राहून त्यांचं ऑम्लेट होतं. एकट्या अंड्याचा पांढरा भाग साठ-पासष्ट अंशांच्या आसपास घट्ट व्हायला लागतो. दूध आणि साखर मिसळली की प्रथिनं विरळ होतात आणि मिश्रण आळायला 80 अंशांच्या जवळपास जावं लागतं. प्रथिनं उलगडून एकमेकांत गुंततात आणि त्या जाळीत दूध अडकून राहतं. फार तापवलं तर जाळी आवळते, पाणी बाहेर पडतं आणि टोस्ट पाणचट लागतो.

म्हणून आच मध्यम हवी. मोठ्या आचेवर बाहेरून काळा पडतो आणि आत कच्चं अंडं राहतं. लोणी तव्यावर पडलं की चुरचुरतं, तो त्यातल्या पाण्याचा आवाज. तो थांबेपर्यंत थांबावं, मगच स्लाइस टाकावी. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान 100 अंशांच्या फारसं वर जात नाही. पाणी उडालं की प्रथिनं आणि साखर यांची प्रक्रिया जोर धरते, आणि तो सोनेरी तपकिरी रंग व खमंग वास येतो. लुई-कामिय मायार या शास्त्रज्ञाने 1912 मध्ये या प्रक्रियेचं वर्णन केलं, तिला नावही त्याचंच आहे. लोण्यातला दुधाचा अंश लवकर करपतो, म्हणून मी निम्मं साजूक तूप घालते.

आता वरची फळं. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मिळते, पुढे तुतीही येते. दोन्ही एकत्र घेतली तर स्ट्रॉबेरीचा वास आणि तुतीचा गडद रंग, दोन्ही साधतं. फळांवर साखर पेरून अर्धा तास ठेवावी. साखर पेशींतलं पाणी बाहेर ओढते आणि पातेल्यात आपोआप रस जमतो, वरून पाणी घालावं लागत नाही. साखर अशी आधी घातली तर फळाचे तुकडे बऱ्यापैकी शाबूत राहतात. आधी फळ शिजवून मागून साखर घातली तर ते जास्त विरघळतं. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं पुरतात. हा जॅम नव्हे. जॅम घट्ट करणारं पेक्टिन स्ट्रॉबेरीत कमी असतं, त्यामुळे रस थोडा वाहताच राहतो, आणि टोस्टवर ओतायला तसाच हवा.

शेवटी लिंबू पिळताना पातेल्यातच बघा. मळकट झालेला जांभळा रंग थेंब पडेल तिथे लालभडक होतो. हा रंग अँथोसायनिन या द्रव्याचा. आम्लात ते लाल असतं, अल्कलीत निळ्याकडे झुकतं. खाऊन झाल्यावर रिकाम्या पातेल्यात थोडं पाणी घालून ढवळा आणि त्यात चिमूटभर खायचा सोडा टाका. फेस येईल, आणि लाल पाणी जांभळं होत होत निळसर होईल. लगेच पुन्हा लिंबू पिळलं की लाली परत येते. घरात मूल असेल तर पातेलं घासायला टाकण्याआधी त्याला हाक मारा.