फेवर-लुबा परत आली: नवे घेण्याआधी, जुने दुरुस्तीला देण्याआधी

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सध्या काउंटरवर एक प्रश्न वारंवार येतो. ‘फेवर-लुबा कंपनी परत सुरू झाली म्हणतात. मग आजोबांचे घड्याळ आता कंपनीतच दुरुस्त होईल ना? आणि त्याला भाव किती येईल?’ दुरुस्तीच्या बाबतीत फार आशा धरू नका. भाव घड्याळ कसे राखले आहे त्यावर ठरतो, कंपनी परत आली म्हणून तो आपोआप चढत नाही. असे का, ते पुढे सांगतो.

हे नाव आपल्याकडे कसे आले

अब्राहम फाव्र या कारागिराचे नाव स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावी 1737 सालापासून सापडते. पुढे ल्यूबा घराण्याशी भागी झाली आणि ‘फाव्र-ल्यूबा’, म्हणजे आपल्या तोंडातले फेवर-लुबा, हे जोडनाव तयार झाले. 1865 पासून या घराण्याचा भारताशी व्यापार सुरू झाला. त्यामुळे मुंबईच्या पेढ्यांतून ही घड्याळे चार पिढ्या विकली गेली आणि लग्नात जावयाला, नोकरी लागल्यावर मुलाला दिली गेली. गोव्यात तर डिसेंबर 1961 पर्यंत विदेशी माल दुकानांत उघड मिळत असे. शिवाय बोटींवर नोकरी करणाऱ्या तारवट्यांच्या ट्रंकेतूनही घड्याळे घरोघर पोचली. फोंडा, डिचोली, पेडण्याकडच्या जुन्या घरांतल्या कपाटात आजही ‘सी चीफ’ किंवा ‘सी किंग’ निघते ते यामुळे.

ही चावीची साधी घड्याळे झाली. कंपनीची खरी करामत वेगळीच होती. 1962 साली तिने ‘बिव्हुआक’ काढले. त्यात हवेचा दाब मोजणारी पोकळ धातूची डबी बसवलेली होती, त्यामुळे डोंगर चढताना मनगटावरच उंची कळत असे. 1968 च्या ‘बाथी’त पाणबुड्याला आपण किती खोल आहोत ते काट्यावर दिसे. बॅटरी नाही, सर्किट नाही, सगळे स्प्रिंग आणि तरफांच्या जोरावर. ही दोन्ही घड्याळे आमच्या बाकावर क्वचितच येतात. कोणाच्या घरी असेल तर विकण्याआधी निदान एकदा दाखवून जा, आम्हांलाही पाहायला आवडेल.

मग बंद का पडली?

25 डिसेंबर 1969 रोजी टोकियोत सायकोने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ विक्रीला आणले. आजच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळात गारगोटीचा चिमुकला तुकडा सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. चावीच्या घड्याळाचे बॅलन्स व्हील, म्हणजे आत मागेपुढे डोलणारे चाक, मात्र सेकंदाला पाच ते आठच ठोके देते. त्यामुळे शंभर रुपयांचे बॅटरीवरचे घड्याळही लाखाच्या चावीच्या घड्याळापेक्षा अचूक चालते, आणि हे सांगताना आम्हांला अजिबात संकोच वाटत नाही. 1970 च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगात 90,000 च्या आसपास माणसे होती. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती 30,000 च्या घरात आली. शेकडो नावे बुडाली. फेवर-लुबाही फाव्र कुटुंबाच्या हातून गेली आणि मग या मालकाकडून त्या मालकाकडे फिरत राहिली.

‘परत आली’ म्हणजे नेमके काय परत आले?

बंद पडलेल्या कंपनीचे नाव ही विकत घेता येणारी वस्तू आहे. घड्याळाच्या धंद्यातल्याच झां-क्लोद बिव्हेर आणि जाक पिगे यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘ब्लांपां’ हे 1735 चे स्विस घड्याळ कंपनीचे नाव सुमारे 22,000 स्विस फ्रँकना घेतले. पिगे यांच्या घरचा घड्याळाच्या आतली उत्तम मशीन बनवणारा कारखाना होता, तो त्या नावामागे उभा केला. ‘आम्ही कधीच क्वार्ट्झ केले नाही, करणारही नाही’ अशी त्यांची जाहिरात असे. 1992 मध्ये त्यांनी ती कंपनी 6 कोटी फ्रँकना विकली. नाव तेच होते. किंमत वाढली ती मागच्या कारखान्यामुळे आणि जाहिरातीतल्या हिमतीमुळे.

जर्मनीतल्या ग्लासह्युटे गावची ‘लांगे’ ही गोष्ट आणखी वेगळी. 1845 ची ही घड्याळांची पेढी. 8 मे 1945 रोजी, युद्ध संपता संपता, कारखान्यावर बॉम्ब पडले. 1948 मध्ये पूर्व जर्मनीतल्या कम्युनिस्ट राजवटीने तो ताब्यात घेतला आणि नाव पुसले गेले. बर्लिनची भिंत पडल्यावर, 7 डिसेंबर 1990 रोजी, संस्थापकाचे पणतू वाल्टर लांगे यांनी कंपनीची पुन्हा नोंदणी केली. तेव्हा त्यांचे वय 66 होते. 1994 मध्ये पहिली चार घड्याळे बाहेर आली. इथे गाव तेच, घराणे तेच, आणि मशीनही स्वतःचे. असे पुनरुज्जीवन फार थोड्यांना जमले आहे.

फेवर-लुबा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसते. 2011 मध्ये टाटांच्या टायटनने ती घेतली, नवी घड्याळेही काढली, पण जम बसला नाही. 2023 मध्ये ती चंडीगडच्या इथॉस या महागड्या घड्याळांच्या विक्रेत्या समूहाकडे गेली आणि ऑगस्ट 2024 मध्ये जिनिव्हाला नव्याने सादर झाली. ‘चीफ’ आणि ‘डीप ब्लू’ ही जुनी नावे परत आली आहेत, आणि जुन्या घड्याळांचा तोंडवळा आमच्या मते चांगला सांभाळला आहे. पण जुन्या काळी कंपनी स्वतःची मशीन बनवत असे. नव्या घड्याळांत ला जू-पेरे या दुसऱ्या स्विस कारखान्याच्या मशीनही आहेत. त्यात कमीपणा काही नाही, मशीन चांगली आहे. फक्त 1737 या आकड्याचे जादा पैसे मोजता आहात की मशीनचे, हे आपले आपल्याला ठाऊक असावे. डायलवरच्या ‘स्विस मेड’ या शब्दांबद्दलही विचारतात. 2017 पासूनच्या नियमाप्रमाणे घड्याळाच्या उत्पादनखर्चाचा किमान 60 टक्के भाग स्वित्झर्लंडमधला हवा. म्हणजे सगळेच तिथले असते असे नाही.

नवे घेताना विक्रेत्याला मशीन कोणाची आहे ते विचारा. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे हमी संपल्यावर सर्व्हिसिंग कुठे होईल आणि गोव्याबाहेर पाठवायचे झाल्यास किती आठवडे लागतात, हेही विचारा. एकदा मालक बदललेले नाव पुन्हाही बदलू शकते. म्हणून सर्वत्र मिळणाऱ्या मशीनचे घड्याळ असेल तर आम्हांला उलट बरेच वाटते, कारण उद्या काहीही झाले तरी सुटे भाग मिळतात.

घरातले जुने घड्याळ

1960 च्या दशकातल्या मशीनचे भाग नव्या मालकाकडे असतील असे धरून चालू नका. ते जुन्या, मोडीत निघालेल्या घड्याळांतूनच शोधावे लागतात. म्हणून घरात त्याच कंपनीचे दुसरे बंद घड्याळ असेल तर तेही घेऊन या.

डायल रंगवून नवी करून द्या, असे बरेच जण सांगतात. आम्ही शक्यतो नको म्हणतो. पिवळी पडलेली, डाग आलेली मूळ डायल संग्राहकाला हवी असते. चकचकीत रंगवलेली डायल त्याला नको असते. ऑनलाइन स्वस्तात दिसणारी ‘जुनी, जणू नवीकोरी’ फेवर-लुबा बहुतेक वेळा अशीच रंगवलेली असते. अक्षरे जाड, ठिपके वाकडे, आत भलत्याच घड्याळाची मशीन. केस घासून पॉलिश करण्याचेही तेच. कडा एकदा गोल झाल्या की परत येत नाहीत.

अंधारात चमकणाऱ्या जुन्या काट्यांवर रेडियमचा रंग असू शकतो. चमक गेली तरी रेडियम तिथेच असते. बंद घड्याळ हाताळायला हरकत नाही, पण काच काढून काटे खरवडू नका. ती धूळ श्वासात जाऊ नये.

गोव्यात घड्याळाचा खरा शत्रू म्हणजे दमट हवा. पाणी आत शिरते ते सहसा चावीच्या बाजूने, आणि आधी गंजतो तो चावीचा पोलादी दांडा. पावसाळ्यात काचेखाली धुके दिसले तर चावी ओढून बंद करू नका, उन्हात ठेवू नका, त्याच दिवशी घेऊन या. मागच्या झाकणावर ‘वॉटरप्रूफ’ कोरलेले असले तरी पन्नास वर्षांपूर्वीचे वॉशर केव्हाच कडक झालेले असतात. मिरामारला पाण्यात उतरताना ते घड्याळ घरीच राहू दे.

घड्याळ उघडण्याआधी आम्ही खर्चाचा अंदाज देतो. बदललेले जुने भाग परत करतो, तेही जपून ठेवा. चवथीच्या आधीच्या दोन आठवड्यांत कामाची गर्दी असते. तेव्हा घाई असेल तर घड्याळ आषाढातच आणून द्या.