‘पियॉन’मागची साठ वर्षं

२५ जून २०२१ रोजी रशियाच्या प्लेसेत्स्क तळावरून सोयुझ रॉकेटने एक लष्करी उपग्रह वर नेला. कागदोपत्री नाव कॉसमॉस-२५५०, खरं नाव पियॉन-एनकेएस. समुद्रावरची जहाजं रडारने पाहायची आणि त्यांच्या रडार-रेडिओचे संकेतही टिपायचे, ही दोन्ही कामं त्याच्याकडे आहेत. सोव्हिएत काळात यासाठी दोन वेगळे उपग्रह लागायचे.

मूळ दुखणं अमेरिकी विमानवाहू जहाजांचं. त्या तोडीची जहाजं सोव्हिएत आरमाराकडे नव्हती, म्हणून त्यांची सगळी भिस्त पाणबुड्यांवरच्या लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवर. पण पाणबुडीचं रडार क्षितिजापलीकडे पाहत नाही. मग पाचशे किलोमीटरवरच्या जहाजावर नेम धरायचा कसा? १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला क्षेपणास्त्रांचे रचनाकार व्लादिमीर चेलोमेई यांच्या संस्थेने तोडगा सुचवला: नजर अवकाशातून ठेवा.

यूएस-ए हा रडारवाला उपग्रह त्यातला डोळा. रडारचं गणित असं, की अंतर दुप्पट झालं तर प्रतिध्वनी सोळापट क्षीण होतो. म्हणून उपग्रह जेमतेम अडीचशे किलोमीटरवर ठेवावा लागला. तिथे विरळ का होईना, हवा असते. मोठी सौरतावदानं लावली की ती त्याला खाली ओढणार. तेव्हा विजेसाठी चक्क अणुभट्टी बसवली, सुमारे ३० किलो समृद्ध युरेनियमची! काम संपलं की भट्टी नऊशे किलोमीटरच्या आसपास ढकलायची आणि शेकडो वर्षं तिथेच फिरू द्यायची. आजचं कर्ज पणतूंच्या नावावर टाकण्यातलाच हा प्रकार.

यूएस-ए मालिकेतल्या कॉसमॉस-९५४ला ती उडी जमली नाही. २४ जानेवारी १९७८ रोजी तो कॅनडाच्या वायव्येकडच्या गोठलेल्या प्रदेशावर कोसळला आणि बर्फात किरणोत्सारी तुकडे पसरले. कॅनडाने साठ लाख डॉलरचं बिल लावलं. घासाघीस होऊन १९८१मध्ये तीस लाख मिळाले. १९८३मध्ये कॉसमॉस-१४०२चा सांगाडा आपल्या हिंदी महासागरात पडला, भट्टीचा गाभा दक्षिण अटलांटिकवर. १९८८नंतर यूएस-एची उड्डाणं थांबली.

त्याचा जोडीदार यूएस-पी नुसता कान. ऐकणाऱ्याला संकेत एकेरी प्रवासातच मिळतो, त्यामुळे अंतर दुप्पट झालं तरी तो चौपटच क्षीण होतो. म्हणून चारशे किलोमीटरच्या वरही काम भागे, आणि सौरतावदानं पुरत. (आपला २०१९चा एमिसॅट याच जातीचा, इस्रोच्या भाषेत मात्र ‘विद्युतचुंबकीय वर्णपटाचं मापन’.) दुबळेपणा एकच: जहाज गप्प बसलं की कान बहिरा. जहाजाच्या या मौनाला अमेरिकी आरमारात ‘एमकॉन’ म्हणतात. रडार बंद, रेडिओ बंद, पुढे चला. अर्थात विमानं उडवायची तर फार वेळ मुकं राहून चालत नाही.

यूएस-पी मालिकेतला शेवटचा कॉसमॉस-२४२१ जून २००६मध्ये गेला. मार्च २००८मध्ये तो कक्षेतच फुटला आणि पाचशेच्या आसपास तुकडे झाले. ऑगस्टमध्ये त्यातल्या एकाला चुकवायला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला आपली कक्षा बदलावी लागली.

पुढची पिढी ‘लियाना’. तिचा २००९चा पहिला उपग्रह लोटोस फक्त ऐकणारा होता. रडार परतायला २०२१चा पियॉन उजाडावा लागला, आणि ते आलं अणुभट्टीशिवाय.