नदीपल्याडचं कासव

अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या मोहावी वाळवंटात कासव दिसलं तर उचलू नका, असं तिथे येणाऱ्यांना बजावलं जातं. घाबरलेलं कासव पटकन लघवी करतं, आणि मूत्राशय हीच तर त्याची पाण्याची टाकी! ती रिती झाली आणि पाऊस लांबला, तर बिचारं जिवाला मुकू शकतं.

कूपर या निसर्गअभ्यासकाने १८६१ साली या कासवाला शास्त्रीय नाव दिलं. पुढची दीडशे वर्षं कॅलिफोर्नियापासून मेक्सिकोपर्यंत सगळीकडे हीच एक जात धरली गेली. दिसायला सारखी, पण वागायला नाही. कोलोरॅडो नदीच्या पश्चिमेची आणि उत्तरेची कासवं सपाट खोऱ्यांत, मातीत लांब बिळं खणून राहतात. पूर्वेची, म्हणजे सोनोरन वाळवंटातली कासवं खडकाळ उतारांवर, मोठ्या धोंड्यांच्या कपारीत शिरतात. मोहावीत पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो. सोनोरनमध्ये उन्हाळ्यातही सरी येतात, आणि तिथले लोक त्यांना चक्क ‘मान्सून’च म्हणतात. मोहावीची मादी एका हंगामात दोन-तीनदाही अंडी घालते, सोनोरनची फार तर एकदा.

डीएनए तपासल्यावर उलगडा झाला. आईकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियल डीएनएमधले फरक मोजले, तेव्हा दोघांची ताटातूट ५० ते ६० लाख वर्षांपूर्वी झाली असावी असा हिशेब निघाला. २०११ मध्ये पूर्वेकडच्या कासवाला ‘गोफेरस मोराफकाय’ हे नवं नाव मिळालं. जुनं नाव नक्की कोणत्या कासवाचं, हे ठरवायला संग्रहालयात जपलेल्या कूपरच्या काळच्या नमुन्याचा डीएनएही काढावा लागला. २०१६ मध्ये मेक्सिकोतल्या सिनालोआ राज्याच्या काटेरी रानातलं कासवही वेगळं निघालं. या वाटणीत मूळ जातीच्या पदरी पूर्वीच्या मुलखाचा जेमतेम तिसरा हिस्सा उरला. नदीपश्चिमेच्या कासवांना तर अमेरिकेच्या कायद्याने १९९० पासूनच संकटग्रस्त मानलं आहे.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती ॲरिझोनातल्या ब्लॅक माउंटन्सची गोष्ट. हा डोंगर नदीच्या पूर्वेला, म्हणजे इथे सोनोरन कासवंच हवीत. पण पायथ्याच्या सपाटीवर मोहावीची कासवं नांदतात. दोघांमध्ये इथे नदीच नाही. जिथे उतार संपून सपाटी लागते त्या अरुंद पट्ट्यात दोघांची संकरित पिल्लंही सापडली आहेत. तो पट्टा सोडला की उतारावर एक जात, सपाटीवर दुसरी.