बीसीएल-२: मरण अडवणाऱ्या प्रथिनाची पार्श्वभूमी

लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका पेशींच्या कर्करोगाच्या, बायॉप्सी रिपोर्टात ‘बीसीएल-२ पॉझिटिव्ह’ असा शेरा अनेकदा दिसतो. त्या दोन शब्दांमागे कर्करोगाकडे पाहण्याची नजर बदलवणारा इतिहास आहे.

पेशींच्या शिस्तशीर मरणाला ‘अपॉप्टोसिस’ हे नाव १९७२ साली केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी दिलं. ग्रीक शब्द, अर्थ पानगळ. पेशी आकसते, तिचे तुकडे होतात, शेजारच्या पेशी ते गिळतात आणि आसपास दाह होत नाही. पण हे मरण कोण घडवतं आणि कोण थांबवतं, ते तेव्हा कळलेलं नव्हतं.

धागा सापडला तो फॉलिक्युलर लिम्फोमात, म्हणजे बी-पेशींपासून (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींपासून) होणाऱ्या एका लिम्फोमात. या आजाराच्या बहुतेक रुग्णांत १४ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले असतात. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्सुजिमोतो आणि क्रोचे या संशोधकांनी त्या जोडापाशी बीसीएल-२ हे जनुक शोधलं. अँटिबॉडीच्या जनुकाशेजारी येऊन पडल्यामुळे ते बी-पेशींत सतत चालू राहतं. तोवर माहीत असलेली कर्करोगाची जनुकं पेशींना विभाजनाकडे रेटणारी होती, त्यामुळे हेही त्यातलंच असेल असं वाटणं साहजिक होतं.

१९८८ मध्ये मेलबर्नमध्ये डेव्हिड व्हॉक्स, सुझॅन कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी बीसीएल-२ घातलेल्या पेशींचं वाढीचं द्रव्य काढून घेतलं. पेशी वाढल्या नाहीत, पण मेल्याही नाहीत. मला या सगळ्या इतिहासातला हाच खरा कलाटणीचा क्षण वाटतो: गाठ नुसत्या वाढीने होत नाही, मरण चुकवूनही होते.

१९९३ मध्ये बॅक्स हे उलट्या बाजूचं, पेशीला मारणारं प्रथिन सापडलं आणि पेशीचं जगणं-मरणं मरण अडवणाऱ्या व मरण घडवणाऱ्या प्रथिनांच्या तोलावर ठरतं, हे स्पष्ट होत गेलं. पॅथॉलॉजिस्टलाही याचा उपयोग झाला. निरोगी लसिका ग्रंथीतल्या जर्मिनल सेंटरच्या (बी-पेशी जिथे वाढतात त्या पुंजक्याच्या) बी-पेशींत बीसीएल-२ जवळपास नसतं; तिथे बीसीएल-२ दाखवणारा रंग चढला तर फॉलिक्युलर लिम्फोमाचा संशय बळावतो.

बीसीएल-२ ला अडवणाऱ्या व्हेनेटोक्लॅक्स या औषधाला अमेरिकेत पहिली मंजुरी २०१६ मध्ये मिळाली, तीही क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगासाठी. ज्या फॉलिक्युलर लिम्फोमात हे जनुक सापडलं, तिथे या एकट्या औषधाचा प्रभाव बेताचाच पडला. बीसीएल-२ अडवलं, तरी एमसीएल-१ आणि बीसीएल-एक्सएल ही त्याची भावंडं बॅक्ससारख्या मारेकरी प्रथिनांना धरून ठेवू शकतात.